मेंदूत यंत्र बसवण्यापूर्वी रुग्णाची इच्छा कशी नोंदवावी

कंपवाताच्या रुग्णाला डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजेच डीबीएस, सुचवले गेले की घरात बहुधा खर्च आणि धोका यांचीच चर्चा होते. मेंदूत खोलवर सोडलेल्या बारीक तारांतून, छातीच्या कातडीखाली बसवलेल्या बॅटरीवर, सेकंदाला विजेची सुमारे १३० स्पंदने जात राहतात. मेंदूचे शल्यविशारद आलिम-लुई बेनाबिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली फ्रान्समधील ग्रेनोबल येथे या उपचाराला आजचे रूप दिले. हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या ज्या केंद्रात ही तार बहुतेक वेळा ठेवतात, त्याच्या लगतच भावना आणि प्रेरणा यांचेही मार्ग असल्याने काही रुग्णांमध्ये उतावळेपणा, अवाजवी उत्साह किंवा उदासी येऊ शकते.

म्हणून शस्त्रक्रियेआधी, औषधाचा अंमल चांगला असताना, रुग्णाशी निवांत बोलावे आणि त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत एका वहीत लिहून घ्यावे. ‘बरे वाटावे’ एवढ्यावर न थांबता शर्टाची बटणे लावणे, बँकेत सही करणे, भरलेला कप न सांडता उचलणे यांपैकी नेमके काय परत हवे आहे, हे विचारावे. लेव्होडोपा या कंपवाताच्या मुख्य औषधाने जी लक्षणे कमी होतात, तीच साधारणपणे डीबीएसने कमी होतात. बोलणे, तोल आणि स्मरणशक्ती यांबाबत फार आशा दाखवू नये. त्याच वहीत झोप, राग आणि पैसे खर्च करण्याची रीत यांचीही नोंद ठेवावी. कंपवाताच्या काही गोळ्यांमुळेही जुगाराची किंवा खरेदीची अनावर ओढ लागते, त्यामुळे आधीची नोंद नसेल तर पुढे दोष गोळीचा की यंत्राचा, हे ठरवणे अवघड जाते.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र आधीच विचारायला हवा: यंत्राने हालचाल सुधारली पण स्वभाव बिघडला, तर काय करावे? नेदरलँड्समधील एका रुग्णाच्या बाबतीत असेच घडले. यंत्र चालू असताना तो उन्मादात जाई आणि बंद केले की अंथरुणाला खिळे. अखेर यंत्र बंद असताना, मन थाऱ्यावर असताना, त्यालाच विचारले गेले आणि यंत्र चालू ठेवून मनोरुग्णालयात राहणे त्याने पत्करले. नातेवाइकांना ही निवड पटो वा न पटो, ती त्याची होती, आणि मला हीच रीत योग्य वाटते.

यंत्राचा रिमोट शक्यतो रुग्णाच्याच हाती असावा. सेटिंग बदलून घेण्यासाठी जाताना वही सोबत न्यावी आणि डॉक्टरांनी आधी रुग्णाचे, मग घरच्यांचे ऐकावे, अशी विनंती करावी. फिजिओथेरपीत डायथर्मीचा, म्हणजे विद्युत्-चुंबकीय लहरींनी शरीरात आतवर उष्णता देणारा, शेक मात्र कधीही घेऊ नये, कारण त्याने तारेच्या टोकाशी मेंदूला जीवघेणी इजा होऊ शकते.