पाऊस आला की गुहेत? मेघालयात जाणाऱ्या मुंबईकरांनो, या चुका टाळा

दिवाळी संपली की फोन सुरू होतात. ‘दादा, मेघालयातल्या गुहा करायच्यात. आमचं राजमाची, हरिश्चंद्रगड सगळं झालंय.’ झालंय ना, तीच तर अडचण आहे.

सह्याद्रीत सर आली की आपण पळत लेण्यात शिरतो. कान्हेरीचा बेसॉल्ट माणसाने छिन्नीने कोरलाय, डोक्यावर छप्पर मिळतं. चुनखडीची गुहा मात्र पाण्याने स्वतःसाठी कोरलेली असते. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, भेगांत शिरतं आणि खडक विरघळवत जातं. उष्ण प्रदेशात पाऊस धो धो आणि रानाखालच्या मातीत हा वायू भरपूर, म्हणून तिथे हे काम जोरात चालतं. थोडक्यात, तुम्ही पाइपात उभे असता.

एका एप्रिलमध्ये सोहराजवळच्या (म्हणजे आपल्या चेरापुंजीजवळच्या) गुहेत आम्ही सहा जण होतो. बाहेर लख्ख ऊन, आत घोट्याएवढा नितळ ओढा. तासाभराने आमचा खासी वाटाड्या वाकून पाण्यावर टॉर्च मारत राहिला. पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं आणि त्यावरून दोन हिरवी पानं तरंगत आली. एक शब्द न बोलता तो मागे वळला. आमच्यातला एक ठाणेकर म्हणतो, ‘दोन मिनिटं, रील राहिलंय.’ त्याला बॅगेच्या पट्ट्याला धरून ओढला. तोंडाशी पोचेपर्यंत पाणी मांडीला लागलं. बाहेर अजून ऊनच! पाऊस वर पठारावर कुठेतरी पडून गेला होता. 2018 मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत 12 मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक 23 जूनला आत गेले, मागे पाणी भरलं. शेवटचा माणूस 10 जुलैला बाहेर आला.

तेव्हापासून थांबेन तिथे पाण्याच्या कडेला एक खडा ठेवतो. डबा संपेपर्यंत तो भिजला, तर परत. आधी घड्याळ बघत नाही, चर्चाही करत नाही.

मोबाइलच्या उजेडावर जाऊ नका. मेघालयाच्या जैंतिया टेकड्यांतली क्रेम लियात प्राह ही गुहा 30 किलोमीटरहून जास्त लांबीची आहे. माणशी तीन दिवे, त्यातला एक साध्या सेलवरचा.

वटवाघळांच्या विष्ठेची धूळ उडवू नका, तिच्यातल्या बुरशीने फुप्फुसं आजारी पडू शकतात.

लवणस्तंभाला, म्हणजे ठिबकत्या पाण्यातल्या चुन्याने घडलेल्या खांबाला, हात लावू नका. तो वर्षाला मिलिमीटरच्या अंशाने वाढतो आणि बोटांचं तेल लागलं की नवा थर नीट धरत नाही. एकाने तोडून आणलेला तुकडा शोकेसमध्ये मांडलाय. मी त्याच्याकडे चहाला जात नाही.

आणि ‘जुलैत विमानाचं तिकीट स्वस्त मिळतंय’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: बोरिवलीला उतरा, कान्हेरीला जा.