सायनोटाइप बिघडतो कुठे? या चुका टाळा

माझा पहिला सायनोटाइप, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने उमटणारं निळं चित्र, मोरीत वाहून गेला. पिंपळाचं पान ठेवून कागद गच्चीवर पाच मिनिटं उन्हात धरला, निळा दिसला म्हणून घाईघाईने उचलला आणि नळाखाली धरला. उरला तो फिकट आकाशी डाग.

निळा दिसला म्हणजे झाला, असं नसतं. पिवळट-हिरवा कागद आधी निळा होतो, मग राखाडी, आणि गडद भागावर जुन्या काशाच्या भांड्यासारखी झाक येते. ‘बिघडला बहुतेक’ असं वाटेपर्यंत थांबा, कारण धुताना बराच रंग निघून जातो. मेमधल्या भर दुपारी मला दहा-बारा मिनिटं लागतात, डिसेंबरात जास्त. चांगला कागद वाया घालवण्याआधी दोन बोटं रुंदीच्या पट्ट्यांवर वेळ तपासा. आणि बाल्कनीत ठेवणार असाल तर ग्रिलची सावली सरकत येते, तिच्यावर लक्ष असू द्या. माझ्या एका प्रिंटवर चांगल्या तीन उभ्या रेघा आहेत!

मुंबईत ऊन कमी पडत नाही, दमटपणा छळतो. जुलैत रसायन लावलेला कागद वाळतच नाही आणि कपाटात ठेवल्या ठेवल्या हिरवा-निळा पडतो. म्हणून रात्री लावा, अंधारात पंख्याखाली वाळवा आणि दुसऱ्याच दिवशी वापरा. मंद पिवळा बल्ब चालतो, ट्यूबलाइट नको.

द्रावणं दोन: १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरवं घ्या) आणि दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. वेगवेगळ्या तपकिरी बाटल्यांत ठेवा आणि लागतील तेवढीच समसमान मिसळा. पहिल्या बाटलीला बुरशी येते. ती गाळून वापरता येते, पण थोडंच बनवलेलं बरं. प्रिन्सेस स्ट्रीटवर रसायनांची दुकानं आहेत, तिथे चौकशी करा. फेरिसायनाइड नावाला घाबरू नका, पण मोरी धुवायचं ॲसिड त्याच्या आसपासही नको. त्यातून विषारी वायू सुटू शकतो.

लोखंडी पट्टीचा ब्रश टाळा, गंज लागला की निळे ठिपके उठतात. कागदात खडूची पूड असेल तर निळा रंग फिकटतो, कारण या रंगाला अल्कली सोसत नाही. कापडावर प्रिंट काढून ते साबणाने धुतलंत तर तोच प्रकार. उन्हाने फिकटलेला प्रिंट मात्र काही दिवस अंधारात ठेवला की बराचसा परत येतो. १८४२ साली जॉन हर्शेल यांनी शोधलेली ही पद्धत पुढे ब्लूप्रिंटसाठी वापरली गेली.

धुताना पांढऱ्या जागेतला पिवळेपणा पुरता जाऊ द्या, नाहीतर तिथेही पुढे निळसर छटा चढते. शेवटच्या पाण्यात झाकणभर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की रंग लगेच गडद होतो. नसेल तर दोरीला चिमटा लावून टांगा, एक-दोन दिवसांत तोच निळा येतो.