फायरवॉल बसवताना कीबोर्ड चालेनासा झाला तर

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील लहान कार्यालयांत जुन्या संगणकाला दुसरे नेटवर्क कार्ड जोडून त्यावर पीएफसेन्स ही फायरवॉल प्रणाली (नेटवर्कची ये-जा तपासून नको ती अडवणारी) बसवण्याचा मार्ग स्वस्त पडतो. मात्र इन्स्टॉलरचा पहिला प्रश्न पडद्यावर येताच कीबोर्ड निपचित पडण्याची अडचण येऊ शकते.

कीबोर्ड मेला, असे लगेच ठरवू नये. सुरुवातीच्या बूट मेनूमध्ये कळा चालत असतील आणि नंतर बंद पडत असतील, तर कारण बहुधा यूएसबीच्या हस्तांतरणात असते, कारण मेनूपर्यंत कीबोर्ड बायॉस (संगणक सुरू करणारी मदरबोर्डवरची मूळ प्रणाली) सांभाळतो आणि त्यानंतर पीएफसेन्स ज्यावर उभे आहे त्या फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, स्वतःच्या ड्रायव्हरने त्याचा ताबा घेतो. अशा वेळी तारेचा साधा कीबोर्ड मागच्या बाजूच्या काळ्या, म्हणजे सहसा यूएसबी २.० असलेल्या पोर्टला थेट, हब न वापरता लावावा. तेवढ्याने भागले नाही तर बायॉसमध्ये ‘लेगसी यूएसबी सपोर्ट’ आणि ‘एक्सएचसीआय हँड-ऑफ’ (यूएसबीचा ताबा बायॉसकडून ऑपरेटिंग सिस्टीमकडे देणारा) हे पर्याय एकेक करून बदलावेत व प्रत्येक बदलानंतर पुन्हा बूट करून पाहावे. दोन्ही एकदम बदलल्यास दोष नेमका कुठे होता ते कळत नाही.

जुन्या यंत्राला जांभळे गोल पीएस/२ पोर्ट असेल, तर माझ्या मते अडगळीतला जुना कीबोर्ड शोधणे सर्वांत सोपे. तो मात्र संगणक बंद असतानाच जोडावा.

इन्स्टॉलरचा प्रश्न पडद्यावर आलाच नाही आणि पेन ड्राइव्हवर चुकून सीरियल कन्सोलची, म्हणजे पडदा-कीबोर्डऐवजी सीरियल पोर्टवरून चालणारी, इन्स्टॉलरची प्रतिमा (इमेज फाइल) उतरवली असल्यास कीबोर्डचा काहीच दोष नसतो. त्याऐवजी व्हीजीएची, म्हणजे साध्या पडद्यावर चालणारी, प्रतिमा घ्यावी.