मान काळी दिसते, पण तो मळ नाही: मुलांच्या वाढत्या वजनाबाबत या चुका टाळा

अंघोळीच्या वेळी डाळीचं पीठ झालं, लिंबू झालं, शेवटी पाय घासायची वज्रीही झाली, तरी मुलाची मान काळीच. ती घासून निघणार नाही. मानेमागे किंवा काखेत जाडसर, मखमलीसारखी काळी कातडी दिसू लागली की बहुतेकदा शरीर रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला दाद देईनासं झालेलं असतं. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं आणि त्याने त्वचेच्या पेशी वाढतात. वजनही जास्त असेल तर वज्री ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांकडे जा. रक्तातली साखर, रक्तदाब, यकृतावरची चरबी यांची तपासणी तिथे होईल.

दुसरी चूक नजरेने अंदाज बांधण्याची. ‘आमचा खात्यापित्या घरचा दिसतो’ म्हणताना पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं संशोधन आठवावं: आपली बाळं जन्मतः इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कमी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त. मोठ्यांचा बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजन किती, याचा) आकडा मुलांना जसाच्या तसा लावू नका. वय आणि मुलगा-मुलगी यांनुसार तक्ते वेगळे असतात. घरी शिंप्याची टेप पुरे. सहा वर्षांपुढच्या मुलाची कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. उंची 140 सेंमी, तर कंबर 70 च्या आत.

रात्री घोरतो म्हणजे गाढ झोपला, हाही गैरसमजच. घोरताना मध्येच श्वास अडकत असेल आणि मूल दिवसा वर्गात पेंगत असेल, तर डॉक्टरांना सांगा. वजनदार मूल लंगडत असेल, गुडघा किंवा मांडी दुखते म्हणत असेल, तर खुब्याचा एक्स-रे लगेच काढून घ्या; खुब्याचं दुखणं गुडघ्यातही जाणवतं.

आता उपायांतल्या चुका. भात बंद, रात्रीचं जेवण बंद, वर चारचौघांत ‘जाड्या’ अशी हाक. यातून चोरून खाणं तेवढं वाढतं. वाढत्या वयात पुष्कळदा वजन उतरवावं लागत नाही. ते आहे तिथे रोखलं तरी उंची वाढते आणि गणित जमतं. आधी कोल्ड्रिंक घरात येणं थांबवा. 300 मिलीच्या बाटलीत साधारण 30 ग्रॅम, म्हणजे सहा-सात चमचे साखर असते. रोज तासभर मैदान हवं. आणि बाबांनी सोफ्यावर वेफर्स खात हे सांगू नये!

थायरॉईडवर खापर फोडण्याआधी उंचीची नोंद पाहा. जास्त खाण्याने वजन वाढलेलं मूल बहुधा वयाच्या मानाने उंच असतं. उंची खुंटून वजन वाढत असेल, तर मात्र थायरॉईडची तपासणी लांबवू नका.