टीमच्या मागोमाग खान्देशात येताय? या चुका टाळा

बाहेरगावचे सपोर्टर जळगाव-भुसावळला फुटबॉलचा सामना बघायला येतात, तेव्हा त्यांची सगळी तयारी आमच्या टीमविरुद्ध असते. ढोल, झेंडे, घोषणा, सगळं जय्यत. घात होतो तो उन्हानं, पाटी न वाचल्यानं आणि शेवभाजीनं. आमच्या बचावातल्या बॅकना फार काही करावंच लागत नाही.

आधी गाव बरोबर गाठा. बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोद आहे. एसटीची पाटी अर्धवट वाचली, की माणूस भलत्याच जळगावात उतरतो. मोबाइलमध्ये नुसतं ‘जळगाव’ टाकू नका, मैदानाचं पूर्ण नाव टाका. सामना धुळ्याला असेल तर रेल्वेचा हट्ट सोडा. धुळ्याचा फाटा चाळीसगावहून निघतो, तिथं गाडी बदलावी लागली तर अर्धा दिवस जातो. जळगाव किंवा मनमाडहून सरळ एसटी धरा. आणि मुंबईकडून रात्रीच्या गाडीनं भुसावळला येणार असाल तर गजर लावून झोपा. भुसावळहून एक लाइन अकोला-नागपूरकडे जाते, दुसरी खंडवा-इटारसीकडे. डुलकी लांबली तर किक-ऑफच्या वेळी तुम्ही विदर्भात, नाहीतर मध्य प्रदेशात.

आता ऊन. याच्यावर जरा जास्त बोलतो, कारण सगळ्यात जास्त पाहुणे इथंच आडवे होतात. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा 45 च्या घरात जातो. सामना साडेचारचा आहे म्हणजे ऊन कलेल, हा पुण्या-मुंबईचा हिशोब झाला. साडेचारला सिमेंटची पायरी दुपारभर तापलेली असते, त्यावर थेट बसलात की पहिल्या पाच मिनिटांत उभे राहाल. गावातली पोरं सोबत पोतं किंवा जुना पेपर आणतात ते उगाच नाही. पाहुणे हमखास पूर्वेच्या बाजूला बसतात, कारण ती मोकळी दिसते. ती मोकळी का आहे हे कोणी विचारत नाही! तिथं बसून दुसऱ्या हाफपर्यंत सूर्य थेट डोळ्यात येतो आणि ऑफसाइड होता की नाही हे फक्त आवाजावरून कळतं. पश्चिमेला बसा, पाठ उन्हाला द्या. कॅपनं कान झाकत नाहीत; मोठा रुमाल डोक्यावरून कानाला गुंडाळा, झळ कानातूनच लागते असं आमचे म्हातारे सांगतात. पाणी तहान लागायच्या आधीपासून घोट घोट पीत राहा. हाफटाइमला गाडीवरचं कोल्ड्रिंक नको, केळी घ्या. केळीच्या जिल्ह्यात येऊन चिप्स खाणाऱ्यांचं मला कायम नवल वाटतं.

तोंडात शिट्टी घेऊन येऊ नका. ढोल वाजवा, हलगी वाजवा, पण शिट्टी नको. प्रेक्षकाच्या शिट्टीनं खेळात व्यत्यय आला असं रेफ्रीला वाटलं तर तो खेळ थांबवतो आणि ड्रॉप बॉलनं, म्हणजे स्वतः चेंडू खाली टाकून, पुन्हा सुरू करतो. म्हणजे तुमचाच फॉरवर्ड गोलकडे सुटला असेल तर तुमच्याच माणसानं त्याला अडवलं असं होईल. आमच्या बऱ्याच मैदानांना जाळी नाही, नुसती चुन्याची रेघ असते. तिच्यापर्यंत सरकत सरकत जायचा मोह होतो. तो आवरा. गर्दी आत आली तर रेफ्री सामना कायमचा बंद करू शकतो. जवळच्या मशिदीत अजान सुरू झाली की तेवढा वेळ ढोल खाली ठेवायचा, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

पाहुण्यांसाठी वेगळा स्टँड वगैरे प्रकार इथं नसतो, मिसळूनच बसायचं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ‘भाऊ, जरा सरकता का?’ म्हटलं की ओळ सरकते, वर ‘कुठून आले?’ अशी चौकशीही होते. पंचाला शिव्या दिल्या तरी शेजारी हसून सोडतील, कारण तेही देत असतात. पण मागून कोणी अहिराणीत ओरडलं म्हणून त्याची नक्कल करायला जाऊ नका. तिथं मात्र बिनसतं.

जेवणाचं सोपं आहे. तर्रीवाली शेवभाजी सामन्यानंतर. आधी खाऊन उन्हात बसणं म्हणजे पोटाला आणि डोक्याला एकाच वेळी पेटवणं. हिवाळ्यातली स्पर्धा असेल आणि यजमान मंडळी शेतात भरताला बोलावत असतील तर नाही म्हणू नका. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं वांगं आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी हॉटेलात तशी मिळत नाही.

परतीचं तिकीट काढताना नॉकआउटचा हिशोब धरा. 90 मिनिटं, 15 चा हाफटाइम, बरोबरी झाली तर आणखी 30, वर पेनल्टी किकचा टायब्रेकर. साडेचारचा सामना सातपर्यंत आरामात जातो. काही स्पर्धांत जादा वेळ न देता थेट टायब्रेकर घेतात. आयोजकांना आधीच विचारून घ्या. नाशिककरांनी एक जास्तीचं बघावं: मुंबईची म्हणून उभी असलेली प्रत्येक गाडी मनमाड-नाशिकहून जात नाही. काही अमळनेर-नंदुरबारवरून सुरतमार्गे जातात. जिंकल्याच्या गडबडीत समोर आली त्या डब्यात शिरू नका.