जुन्या वस्तीला झोनिंगचं कवच

अमेरिकेत ‘नॅशनल रजिस्टर’मध्ये, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत, नोंद झाली म्हणजे इमारत वाचली, हा समज घातक आहे. खासगी मालक स्वखर्चाने ती पाडू शकतो. त्याला रोखतो तो शहराचा झोनिंगचा नियम, म्हणजे कुठे काय आणि किती बांधता येईल हे ठरवणारा नियम; दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टन शहराने जुन्या वस्तीसाठी तो १९३१ सालीच केला.

असा नियम करायचा असेल, तर राज्याचा कायदा शहराला किती अधिकार देतो, ते आधी वाचा. मग घरोघर पाहणी करून जपायच्या वस्तीची हद्द आखा.

खरी गोम उंचीत असते. दुमजली रांगेत झोनिंग सहा मजल्यांना मुभा देत असेल, तर पाडापाडीचा मोह राहणारच. म्हणून झोनिंगमधली उंचीची मूळ मर्यादाही खाली आणा. देखभालीची सक्तीही हवीच, नाहीतर छप्पर गळू देऊन इमारत मुद्दाम पाडली जाते. मालकाच्या आर्थिक अडचणीच्या सुनावणीचं कलम घालायला विसरू नका. ते नसलं तर नियम कोर्टात लंगडा पडतो.