घरी बाळंत व्हायचं ठरवताय? आधी कळांचं ठरवा

पाटण तालुक्यातून मी कोपरखैरण्याला आले ती २००३ साली, पोटात सातवा महिना घेऊन. नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी. थोरली मुलगी गावाला सुईणीच्या हातावर झाली होती, तेव्हा दुसरंही घरीच होईल हे आम्ही धरूनच चाललो होतो. पण गावाला त्या रात्री माझ्याभोवती पाच बायका होत्या. एक कंबर चोळत होती, एक पाणी तापवत होती, सासूबाई नुसत्या हात धरून बसल्या होत्या. इथं मी, नवरा आणि भिंतीपलीकडं अजून नावही माहीत नसलेले शेजारी. रात्रभर सोसलं. पहाटे मीच म्हणाले, काहीतरी द्या, आता होत नाही. शेजाऱ्यांनी ओळखीच्या कुणाला तरी बोलावलं, त्यानं इंजेक्शन टोचलं. आम्हाला वाटलं, दुखणं कमी करायचं असेल. ते कळा वाढवायचं निघालं. त्यानंतर दोन कळांमध्ये श्वास घ्यायला जागा उरली नाही. रिक्षात घालून मला दवाखान्यात नेलं. पोरगा निळा पडलेला जन्मला, उशिरा रडला. आज धडधाकट आहे. पण मी पुढं एएनएम, म्हणजे बाळंतपणाचं शिक्षण घेतलेली नर्स, झाले ती त्या पहाटेमुळं.

आता घणसोलीत, कळव्यात, दिव्यात नव्यानं आलेल्या मुली मला विचारतात, "ताई, घरीच करायचं म्हणतेय, दुखण्याचं काय?" ऐरोलीच्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्याही विचारतात. कुणाला सिझरची भीती असते, कुणाला लेबर रूममधल्या ओरडण्याची, कुणाला बिलाची. यातली एकही भीती मला खोटी वाटत नाही. म्हणून नीट सांगते.

पहिली गोष्ट, ते इंजेक्शन. ते ऑक्सिटोसिनचं असतं, आणि ऑक्सिटोसिन वेदनेवरचं औषध नव्हे. दवाखान्यात गरज पडली तर ते सलाईनमधून थेंबाथेंबानं देतात आणि बाळाचे ठोके सतत ऐकतात. जास्त झालं तर थेंब थांबवता येतात. दंडात किंवा कमरेत टोचलेलं परत काढता येत नाही. कळ येते तेव्हा वारेकडं जाणारं रक्त कमी होतं, आणि दोन कळांमधल्या उसंतीत बाळ पुन्हा भरून घेतं. ती उसंतच गेली तर बाळ गुदमरतं, गर्भपिशवी फाटूही शकते. तेच औषध बाळ बाहेर आल्यावर १० युनिट दिलं की आईचा रक्तस्राव आवरतं. म्हणजे औषध वाईट नाही, वेळ चुकीची. बाळ बाहेर येण्याआधी घरात कुणी "जोर येण्याचं" इंजेक्शन काढलं, तर सरळ नाही म्हणा. स्वतः बोलण्याच्या स्थितीत नसाल, म्हणून हे नवऱ्याला आणि आईला आधीच शिकवून ठेवा.

"पेनलेस" म्हणतात ते पाठीतलं इंजेक्शन, म्हणजे एपिड्यूरल, घरी मिळत नाही. त्याला भूलतज्ज्ञ लागतो, आईचा बीपी आणि बाळाचे ठोके सारखे बघावे लागतात. दवाखान्यातही रात्री भूलतज्ज्ञ बोलवावा लागू शकतो, तेव्हा नाव घालतानाच विचारून ठेवा. ब्रिटनमध्ये घरी येणाऱ्या मिडवाइफ, म्हणजे बाळंतपण करायला शिकलेल्या बाया, दुखणं कमी करायला हुंगायचा वायू, निम्मा ऑक्सिजन आणि निम्मा नायट्रस ऑक्साइड, भरलेलं सिलिंडर सोबत आणतात. इंटरनेटवर तिथले अनुभव वाचून आपल्याकडंही तसं असेल असं धरू नका. इथं तुमच्याकडं येणारी प्रशिक्षित मिडवाइफ काय आणते, काय आणत नाही, हे सातव्या महिन्यातच तोंडावर विचारा. पेथिडिनसारखी दुखण्यावरची जालीम औषधं बाळाला सुस्त करतात, जन्मल्यावर श्वासही मंदावू शकतो. ती घरच्या पलंगावर घ्यायची नाहीत.

मग घरी उरतं काय? बरंच उरतं, आणि मी ते कमी लेखत नाही.

ऊन पाणी सगळ्यात आधी. स्टुलावर बसून कमरेवर सतत ऊन पाणी सोडलं की कळ अंगातून उतरल्यासारखी वाटते. मी कितीतरी बायांना यानं दोन-दोन तास तग धरताना पाहिलंय. टबात बसणार असाल तर पाणी ३७.५ अंशांच्या वर नको, थर्मामीटर ठेवा, कारण आईचं अंग तापलं की बाळाचंही तापतं. पण इथली अडचण वेगळी आहे. पंधरा लिटरचा गीझर काही मिनिटांत रिकामा होतो, आणि घोडबंदरकडं कितीतरी सोसायट्या टँकरवर चालतात. दिवस भरत आले की पिंप भरून ठेवा, गॅसवर पाणी तापवायला एक माणूस नेमा. गावाला ते कुणाला सांगावं लागत नव्हतं. इथं सांगावं लागतं.

शेकायची पिशवी फडक्यात गुंडाळून कमरेला. आणि दाब. बाळाची पाठ तुमच्या पाठीकडं असेल तर सगळं दुखणं कमरेत उतरतं. तेव्हा हलकं चोळून भागत नाही. माकडहाडाच्या वर, जिथं खळगे दिसतात त्या भागावर, तळहाताच्या टाचेनं कळ चालू असेपर्यंत जोर देऊन दाबायचं आणि कळ गेली की सोडायचं. नवऱ्याला हे आठव्या महिन्यात शिकवा. माथाडी असेल तर त्याचा हात दमणार नाही, हे अनुभवानं सांगते.

उताणं पडून राहू नका. पाठीवर झोपलं की पोटातली मोठी रक्तवाहिनी दबते आणि कळाही जास्त लागतात. चालायचं, खिडकीच्या कठड्याला टेकून कंबर हलवायची, गुडघे आणि हात टेकून घोड्यासारखं राहायचं. खोली दहा बाय बाराची असली तरी हे जमतं.

टेन्स नावाचं छोटं यंत्र असतं, फिजिओथेरपीवाल्यांकडं मिळतं. पाठीला चार पट्ट्या चिकटवतात, हलक्या विजेनं बारीक मुंग्या येतात. काहींना फार बरं वाटतं, काहींना काहीच नाही. सुरुवातीच्या कळांपासून लावलं तर उपयोग, आणि पाण्यात जाताना काढायचंच. शिवाय पाठीत कातडीखाली निर्जंतुक पाण्याचे चार छोटे ठिपके टोचायची पद्धत आहे. अर्धा मिनिट खूप झोंबतं, मग कमरेचं दुखणं तास-दोन तास उतरू शकतं. ते फक्त शिकलेल्या हातानं. गोळ्यांमध्ये सुरुवातीला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरना विचारून. मेडिकलवाल्यानं दिलेली कॉम्बिनेशनची गोळी नको. त्यात आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असू शकतं, आणि शेवटच्या महिन्यांत त्यानं बाळाच्या हृदयाजवळची एक वाहिनी वेळेआधी बंद होऊ शकते.

आता माझं मत. पहिलटकरणीनं या शहरात घरी बाळंत व्हायचं ठरवू नये असं मला वाटतं. इंग्लंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्क्यांना मध्येच दवाखान्यात हलवावं लागलं होतं. पूर्वी बाळंत झालेल्यांत हा आकडा १२ टक्के होता. पहिलटकरणींच्या बाळांना धोकाही दवाखान्यापेक्षा जास्त निघाला. आणि ते दाराशी प्रशिक्षित मिडवाइफ असलेल्या, आधीच निवडलेल्या निरोगी बायांचं. बीपी, साखर, जुळं, पायाळू, आधीचं सिझर, हिमोग्लोबिन कमी, यातलं काहीही असेल तर दुसरेपणीही घरी नको.

म्हणून मी बहुतेकींना मधली वाट सांगते: कळांचा पहिला लांबलचक भाग घरी, वर सांगितलेलं सगळं वापरून, आणि बाळंतपण दवाखान्यात. पहिलटकरणीनं कळा पाच मिनिटांवर, प्रत्येकी मिनिटभर, आणि तासभर तशाच टिकल्या की निघायचं. दुसरेपणी त्याच्याही आधी. पाणी हिरवट गेलं, अंगावरून ताजं रक्त गेलं, बाळ हलेना, डोकं ठणकून डोळ्यांपुढं अंधारी आली, कळ गेल्यावरही पोट सैल होईना, तर घड्याळ बघत बसायचं नाही, १०८ लावायचा.

आणि रस्ता आधी चालून बघा. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसात पाणी साचतं. घोडबंदरला गायमुखाच्या घाटात ट्रक अडकले की तास मोडतो. सकाळी नऊला ठाणे-बेलापूर रस्त्यावर काय होतं ते तुम्हाला कळेलच. दुपारी दोनला वीस मिनिटांत पोचतो म्हणून रात्री किंवा सकाळी पोचूच असं नाही. घरी बाळंत व्हायचं पक्कं केलंत तरी हा हिशेब सुटत नाही. वार पडताना रक्तस्राव सुरू झाला तर हातात मिनिटं असतात, आणि तो आधी सांगून येत नाही.

नवीन आहात, कागद नाहीत, म्हणून सरकारी दवाखाना टाळू नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी ठिकाणी बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी असते. आमच्या बाजूला ऐरोली, नेरूळ आणि वाशीला महापालिकेची रुग्णालयं आहेत, ठाण्याकडच्यांना कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. बाळंतपणाच्या वेळी सोबत एक बाई ठेवायला केंद्र सरकारनं २०१६ मध्येच मुभा दिली आहे. नाव घालायला जाल तेव्हा हे विचारा: सोबतीण आत येऊ देता का? कळा येताना चालू देता का? दुखण्यावर तुमच्याकडं काय आहे? उत्तर तुटक मिळालं तर पुढच्या तपासणीला पुन्हा विचारा.

एक गोष्ट मी प्रत्येकीकडून करून घेते. सासू, आई, नवरा समोर असताना एक शब्द ठरवायचा. कळांमध्ये बाई "नको आता" शंभर वेळा म्हणते, ते ऐकून कुणी हलत नाही. पण ठरलेला शब्द निघाला की वाद नाही, समजूत नाही, "अजून थोडं सोस" नाही. चप्पल घालायची आणि खाली उतरायचं. गेल्या वर्षी घणसोलीतल्या एकीनं "भाकरी" हा शब्द ठेवला होता. रात्री अडीचला ती भाकरी म्हणाली, सासूनं गॅस बंद केला, पिशवी उचलली, आणि तीनच्या आत आम्ही ऐरोलीला होतो.